चित्राच्या वाट्याचा उजेड

मैथिलीला एका चित्रातली अशी गोष्ट आठवत होती, जी त्या चित्रात नव्हती.

चित्र तिच्या आईने काढलेलं. नाव ‘धुऱ्यावर’. विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर एक बाई आणि एक लहान मुलगी पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि समोर दूरवर शेत पसरलेलं आहे. आई सगळे रंग घरीच तयार करायची. बाईच्या लुगड्याचा तांबडा गेरूचा, मुलीच्या फ्रॉकचा निळा कपड्यांना घालायच्या निळीचा, झाडांच्या बुंध्यांचा काळा दिव्याच्या काजळीचा. शेत मात्र मळकट पांढरं होतं, कापणीनंतर राहिलेल्या धसकटांसारखं.

मैथिलीच्या आठवणीतलं शेत पिवळंधमक होतं. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, तिच्या हाताचा पंजा होता. आईने वाटीत कालवलेल्या पिवळ्या रंगात तिचा हात बुडवला होता, कागदावर हलकेच दाबला होता आणि कानाशी येऊन म्हणाली होती, “आता हे चित्र दोघींचं.”

तेव्हा मैथिली चार वर्षांची होती. त्याच वर्षी आई आजाराने गेली. फोटोंतून आणि इतरांच्या बोलण्यातून आई तिला बरीच माहीत होती, पण तिची स्वतःची, कुणी न सांगता आठवणारी आई एवढीच. आणि तो पंजा चित्रात नव्हता. तिने तो कितीतरी वेळा शोधला होता. बाबांना विचारलं, तर ते त्या दिवसांत कामासाठी गडचिरोलीच्या जंगलात होते. त्या वर्षीचे फोटो त्यांच्या जुन्या फोनबरोबरच गेले होते. काकू, शेजारच्या मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्या ऐकून घ्यायच्या आणि मायेने म्हणायच्या, “असेल ग बाळा.” सहावीत येईपर्यंत मैथिलीला कळून चुकलं होतं की त्या ‘असेल’चा अर्थ ‘नसेल’ असा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ती गोंदियाहून नागपूरला आजोबांकडे आली. आजोबा म्हणजे आईचे वडील, डॉ. उमेश खानझोडे. प्रकाश हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आई चित्र काढत होती त्या काळात ते परदेशातल्या एका प्रयोगशाळेत होते. आता ते नागपूरच्या नव्या चित्रसंग्रहालयात जुन्या चित्रांची काळजी घ्यायचे. बाबांनी दोन वर्षांपूर्वी ‘धुऱ्यावर’ त्याच संग्रहालयाला दिलं होतं.

पहिल्याच दिवशी मैथिलीने आजोबांना पंज्याबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “बघायला पाहिजे.”

मैथिलीला ते ‘असेल’पेक्षा बरं वाटलं.

संग्रहालयाचं ते दालन इतकं अंधारं होतं की आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागला. दाराशी कमरेइतक्या उंचीचा, चाकांवरचा एक यंत्रमानव उभा होता. दालनातले दिवे लावणं आणि मालवणं हे त्याचं काम, म्हणून तिथले लोक त्याला दिवेकर म्हणत. मैथिली चित्रासमोर गेली, तसा वरचा एक मंद दिवा लागला. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं : ‘सुगीनंतरच्या सुन्या शेताची उदासी चित्रकर्तीने मोजक्या रंगांत पकडली आहे.’ मैथिली वाकून उजवा कोपरा पाहू लागली. मळकट पांढऱ्याशिवाय तिथे काही दिसेना. ती आणखी वाकली, तेवढ्यात वरचा दिवा विझला.

“क्षमस्व,” दिवेकर म्हणाला. “या चित्राचा प्रकाशवाटा संपत आला आहे.”

“अजून थोडा वेळ,” मैथिली म्हणाली.

“आपली विनंती मी ऐकली आहे. मंजूर करू शकत नाही.”

आजोबा हसले. ते म्हणाले की हा माझंही ऐकत नाही, आणि मीच तो तसा बनवून घेतलाय.

संग्रहालयाच्या उपाहारगृहात संत्र्याच्या बर्फीचा तुकडा तिच्यापुढे सरकवून त्यांनी प्रकाशवाटा (एखाद्या चित्रावर वर्षभरात पडू द्यायचा एकूण प्रकाश) म्हणजे काय ते समजावलं. आपल्याला वाटतं, प्रकाश फक्त दाखवण्याचं काम करतो. पण प्रकाश ही ऊर्जा आहे. उन्हाने पाठ तापते, तशी चित्रालाही त्या ऊर्जेची झळ बसते. रंग सूक्ष्म रेणूंचे (पदार्थाचा गुण टिकून राहतो असा त्याचा सगळ्यात लहान कण) बनलेले असतात. काही रंगांचे रेणू त्या माऱ्याने तुटतात. तुटलेला रेणू रंगाचं काम करू शकत नाही.

“सगळेच रंग तुटतात?” मैथिलीने विचारलं.

आजोबा म्हणाले, नाही, आणि गंमत तिथेच आहे. गेरू म्हणजे गंजलेलं लोखंड मिसळलेली माती. त्याचं जे व्हायचं ते हजारो वर्षांपूर्वी जमिनीतच होऊन गेलेलं आहे. प्रकाश त्याचं आणखी काही बिघडवू शकत नाही. काजळी म्हणजे जळून उरलेला कार्बन, तीही तशीच पक्की. निळीचंही तेच. पण झाडापासून निघणारे बरेच रंग नाजूक असतात. आईने पिवळा रंग कशाचा केला होता, ते तुला आठवतं का?

मैथिलीने डोळे मिटले. वाटी आठवली. आईचा हात आठवला. मग त्या हाताचा वास आठवला.

“हळद,” ती म्हणाली.

आजोबांनी हातातला बर्फीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले की हळदीइतका सुंदर पिवळा मिळणं कठीण, आणि उन्हात हळदीइतका लवकर उडणारा रंग मिळणंही कठीण. हळदीत रंगवलेली साडी वाळत घालताना सावलीत घालतात ना, ते यासाठीच.

मैथिलीला घरची बैठकीची खोली आठवली. आई गेल्यावर बाबांनी ते चित्र पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं. उठल्याबरोबर मैथिलीला ते दिसावं म्हणून. रोज सकाळी कोवळं ऊन बरोबर त्या शेतावर पडायचं आणि बाबा तिला कडेवर घेऊन तिथे उभे राहायचे. त्यांनी चित्र लावायला घरातली सगळ्यात चांगली जागा निवडली होती. रंग रोज एवढासा गेला. एवढासा गेलेला कुणाच्याच डोळ्याला कळला नाही.

“म्हणजे पंजा असेल तर उडून गेला,” ती म्हणाली. “आणि नसेल तर नव्हताच. दोन्हीत कागद सारखाच दिसणार. मग कळणार कसं?”

आजोबांनी या प्रश्नावर मान डोलावली. उद्या सांगतो म्हणाले आणि तिची समजूत काढायला तिला तलावाकाठच्या रंगगुहेत घेऊन गेले.

सुट्टीत नागपूरला आलेली सगळी मुलं रंगगुहेत जातातच. आत एक प्रचंड खोली असते. दिवे मालवतात आणि भिंती, छत, जमीन, सगळं मिळून एक चित्र होतं. त्या दिवशी सागाचं जंगल होतं. पायांखालून वैनगंगा वाहत होती आणि लहान मुलं तिच्यात उड्या मारून पाय ओले झाले का ते पाहत होती. एक वाघ भिंतीवरून चालत आला आणि कोपऱ्यात वळून दुसऱ्या भिंतीवर गेला. आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून मासे पोहत होते. मैथिलीने त्यांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, “पकड, रात्री कालवण करू.”

तिने हात पुढे केला. मासा तिच्या बाहीवर आला. आणि तिच्या मागे भिंतीवर, जिथे तिची सावली पडली होती, तिथे नदी नव्हती, नुसती काळी सावली होती.

खेळ संपला. दिवे लागले. भोवताली चुना मारल्यासारख्या साध्या पांढऱ्या भिंती होत्या. कुठे रंगाचा ठिपकाही नव्हता. लोक चपला शोधत बाहेर पडू लागले, पण मैथिली भिंतीला हात लावून उभी राहिली.

“आजोबा, याला कुणीच रंग लावलेला नाही.”

“नाही.”

“तरी रंग होता. आणि गेला तर भिंतीला काहीच झालं नाही.” तिने थांबून विचार केला. “मग आईच्या चित्राला ब्रश न लावता त्याचा पिवळा देता येईल? नुसत्या उजेडाने?”

आजोबांनी तिला परत तिथेच खाली बसवलं. त्यांना ही गोष्ट नीट सांगायची होती.

ते म्हणाले, आपल्या डोळ्यांपुरतं बोलायचं, तर पांढरा उजेड तीन उजेडांचा बनवता येतो : लाल, हिरवा आणि निळा. या रंगगुहेतले प्रक्षेपक (भिंतीवर प्रकाशाचं चित्र पाडणारी यंत्रं) तेच तीन वापरतात. लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला की डोळ्याला पिवळा दिसतो. आता हळदीकडे बघ. तिच्यावर पांढरा उजेड पडला की ती त्यातला निळा गिळते. लाल आणि हिरवा परत पाठवते, म्हणून ती पिवळी दिसते. हळदीचे रेणू तुटले की निळा गिळणारं कुणी उरत नाही. तिन्ही उजेड परत येतात आणि शेत पांढरं दिसतं.

“म्हणजे पिवळं गेलं नाही,” मैथिली सावकाश म्हणाली. “निळं जास्त झालं.”

“तसं म्हण.”

“मग शेतावर उजेड पाडतानाच त्यातला निळा काढून टाकायचा.”

आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली नाही की शाबास म्हटलं नाही. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की हे करता येईल, पण त्याआधी एक अडचण आहे. कुठे किती पिवळा होता हे कळल्याशिवाय उजेड पाडला, तर ती त्यांची कल्पना होईल, आईचं चित्र नाही. पंजा आहे असं मैथिलीने सांगितलं म्हणून ते तिथे पंजा पाडणार नव्हते. आधी चित्रालाच विचारायला हवं होतं.

विचारायची पद्धत होती. हळदीचे रेणू मोठ्या संख्येने तुटले तरी जिथे रंग जाड असतो तिथे काही थोडे कागदाच्या तंतूंत खोल दडून वाचतात. ते इतके थोडे असतात की साध्या उजेडात दिसत नाहीत. पण त्यांच्यावर अतिनील किरण (जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पाडले, तर ते रेणू ती ऊर्जा घेतात आणि तिच्यातली काही हिरवट-पिवळ्या उजेडाच्या रूपाने परत टाकतात. याला अनुदीप्ती (एक प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणं) म्हणतात. उरलेली हळद अंधारात स्वतः चमकते.

मैथिली उठून उभी राहिली. आत्ता जाऊ या, असा तिचा चेहरा होता.

पण अतिनील किरण रंगांना सगळ्यात जास्त इजा करतात. दुसऱ्या दिवशी आजोबांनी दिवेकरला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं : चित्राचा जेवढा प्रकाशवाटा उरला आहे तेवढ्यात एक गोष्ट होईल. एकतर क्षणभराची अतिनील तपासणी, नाहीतर रविवारी मंद दिव्यात एक भेट. त्यानंतर चित्र वर्षभर अंधारात विश्रांतीला जाईल.

रविवारची भेट बाबांची होती. ते मैथिलीला न्यायला येणार होते. चित्र संग्रहालयाला दिल्यापासून त्यांना एकदाही सुट्टी मिळाली नव्हती आणि गेला महिनाभर ते रोज म्हणत होते की या वेळी चित्र बघायचंच.

मैथिलीने त्या संध्याकाळी गोंदियाला फोन लावला. तपासणी केली आणि काहीच चमकलं नाही, तर तिच्याजवळची आईची एकुलती आठवण खोटी ठरणार होती आणि बाबांची भेटही जाणार होती. तिने हे सगळं त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. सकाळचं ऊन आणि खिडकीही सांगितली, कारण न सांगणं तिला जमलं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“मी पुष्कळ पाहिलंय ते,” बाबा शेवटी म्हणाले. “माझा वाटा तू घे.”

प्रयोगशाळेत आजोबांनी हातमोजे घातले आणि चित्र चौकटीतून सोडवलं. त्यांनी चित्राची कड वर उचलली आणि ते थांबले. चौकटीच्या लाकडाखाली बोटभर रुंदीची पट्टी कायम झाकलेली होती. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथलं शेत पिवळं होतं. फुललेल्या तुरीसारखं पिवळं.

आजोबांनी आपल्या मुलीचं हे चित्र प्रथम पाहिलं होतं तेच फिकं झालेलं. ते त्या पट्टीकडे बघत राहिले. सुन्या शेताची उदासी, असं ते हळूच म्हणाले. ती पाटी त्यांनीच लिहिली होती.

शेत पिवळं होतं एवढं तर सिद्ध झालं. पंज्याचं अजून झालं नव्हतं. दोघांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवले. दिवेकरने खोली पूर्ण काळी केली आणि सांगितलं की एकदाच, आणि कॅमेरा तयार आहे.

अंधारात आधी काही दिसलं नाही. मग अगदी अंधुक हिरवट शेत उमटलं, धुक्यातून दिसावं तसं. आईचे ब्रशाचे फटकारे त्यात वेगळे दिसत होते. आणि उजवीकडे, खाली, जिथे रंग कुणीतरी भरपूर, चार वर्षांच्या मुलाला लागतो तितका, लावला होता, तिथे पाच बोटं उजळली. अंगठा थोडा सरकलेला होता. मैथिलीला तेही आठवलं. तिचा हात घसरला होता आणि आई हसली होती.

पिवळ्या शेतावर पिवळा पंजा. माहीत असल्याशिवाय कुणाला दिसलाच नसता. माहीत दोघींनाच होतं.

उजेड मालवला. अंधारात आजोबा म्हणाले, “होता.” एवढंच. नंतर दिवा लागायला बराच वेळ लागला, कारण दिवा लाव असं दिवेकरला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस आजोबा कामात होते. झाकलेल्या पट्टीवरून मूळ पिवळा मोजला, कॅमेऱ्यातल्या अनुदीप्तीच्या चित्रावरून कुठे किती जाड रंग होता ते काढलं आणि प्रत्येक ठिपक्यावर पाडायच्या उजेडातून किती निळा वजा करायचा याचं गणित प्रक्षेपकाला दिलं. ते मैथिलीला पुन्हा पुन्हा बजावत होते की हा आपला चांगल्यात चांगला अंदाज आहे. मूळ रंग परत आलेला नाही, येणारही नाही. प्रक्षेपक बंद केला की चित्र जसं आहे तसंच राहील.

ते गणित मैथिलीनेच दिवेकरपुढे नेलं. चित्र आता अंधारात जाणार, हे तिला मान्य होतं. तिला फक्त एक शंका होती. अतिनीलच्या खालोखाल चित्राला जास्त इजा कुठला उजेड करतो? दिवेकर म्हणाला, जांभळा आणि निळा. मैथिली म्हणाली, मग या उजेडात निळा तर जवळजवळ नाहीच. तोही अगदी मंद ठेवला, तर चित्राला कितीसा लागेल?

दिवेकरचे दिवे लुकलुकले. “हिशोब पुन्हा करतो आहे,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, त्याच सुरात : “पुढच्या वर्षीच्या वाट्यातून अगदी थोडा उजेड आगाऊ देता येईल. एक छोटी भेट मंजूर.”

रविवारी बाबा आले. अंधाऱ्या दालनात ते मैथिलीचा हात धरून उभे राहिले. वरून उजेड आला आणि शेत फुललं. काठापासून काठापर्यंत तूर. तांबडं लुगडं आणि निळा फ्रॉक आता त्या पिवळ्यासमोर उभे होते आणि कळत होतं की त्या दोघी उदास नाहीत. काहीतरी बघायला आल्या आहेत.

“मीच लावलं होतं खिडकीसमोर,” बाबा म्हणाले.

“निखिलराव, तुम्ही लावलंत म्हणून पोरीने ते रोज पाहिलं,” आजोबा म्हणाले. “पेटीत ठेवलं असतंत, तर तिला विचारायला काही आठवलं नसतं.”

दिवेकर पुढे सरकला. नव्या पुराव्यानुसार पाटीत दुरुस्ती लागेल, असं त्याने सांगितलं. शेत फुलांचं आहे. शिवाय चित्रावर दोन व्यक्तींच्या हातचं काम आहे, तेव्हा चित्रकारांची नावं दोन लिहावीत का? आजोबांनी मैथिलीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

“आधी आईचं,” ती म्हणाली.

उजेडाची वेळ संपत आली होती. मैथिली चित्राच्या जवळ गेली. हात लावायचा नाही हे तिला माहीत होतं. तिने कागदापासून दूर, उजेडाच्या वाटेत आपला तळवा आडवा धरला. चित्राच्या कोपऱ्यावर तिच्या हाताची सावली पडली, आणि कोपऱ्यावर पडायचा तो उजेड तिच्या हातावर पडला. तिच्या मोठ्या झालेल्या तळव्याच्या मधोमध एक लहानसा गडद पिवळा पंजा होता, अंगठा थोडा सरकलेला.

पुढच्या दिवाळीला चित्राला नवा वाटा मिळेल. तोवर आपला हात आणखी वाढलेला असेल, हे तिच्या लक्षात आलं. तो पंजा तेवढाच राहणार होता. तिने बोटं हळूहळू मिटली, आणि उजेड तिच्या मुठीवर आला.